जाहिरातींसकट स्वस्त

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर मोबाइल-बिबाइलवर काहीतरी बोल. पण सगळ्यांना कळेल असं बोल, आणि वीस मिनिटांत आटप." वर जेवणानंतरची वेळ दिली. त्यामुळे कोणी डुलकी घेतली तर मला वाईट वाटणार नाही. इतिहासाच्या तासाला आपण सगळ्यांनीच घेतलेली आहे, आणि सर ती बघून न बघितल्यासारखं करायचे.

विषय शोधायला मला लांब जावं लागलं नाही. आपला व्हॉट्सॲप ग्रुप सुरू झाल्यापासून मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न एकच आहे. "टीव्ही घ्यायचाय. हा सतरा हजारांना मिळतोय, तेवढाच दुसरा चोवीसला. फरक काय?" किंवा, "आईला फोन घ्यायचाय, साडेआठचा घेऊ का बाराचा?" मी दर वेळी दोन ओळींत काहीतरी उत्तर देते आणि मीटिंगला पळते. आज मोठं उत्तर देते.

फरक पुष्कळदा काचेत असतो, मेमरीत असतो, कॅमेऱ्यात असतो. ते दुकानदार सांगतो. तो जे सांगत नाही ते असं, की काही वस्तू स्वस्त असतात कारण त्या विकून झाल्यावर कमाई सुरू होते. पूर्वी फ्रिज विकला की कंपनीचा आणि आपला संबंध वॉरंटी कार्डापुरता उरायचा. आता टीव्ही आणि फोन इंटरनेटला जोडलेले असतात, त्यांच्या पडद्यावर जाहिरात दाखवता येते, आणि ती जागा विकता येते. हे लपूनछपून चालत नाही. शाओमीने २०१८ साली जाहीरच केलं, की फोन आणि इतर उपकरणांवर आम्ही ५ टक्क्यांपेक्षा जास्त निव्वळ नफा घेणार नाही. त्याच वर्षी ती कंपनी हाँगकाँगच्या शेअर बाजारात आली. तिच्या कागदपत्रांत २०१७चे आकडे होते. फोनवर ढोबळ नफा ९ टक्क्यांच्या आत, आणि जाहिराती, गेम वगैरे ज्यात येतात त्या इंटरनेट सेवांवर ६० टक्के. म्हणजे दुकान फोनचं, पण खरी मिळकत नंतरची. यात बेकायदेशीर काही नाही. एका इंजिनिअरच्या नजरेने बघितलं तर हुशारीच आहे.

आता तुम्ही म्हणाल, जाहिरातीवर स्वस्त मिळणं यात नवीन काय? बरोबर आहे. आपण त्यावरच वाढलो. वर्तमानपत्राच्या किमतीत त्याचा कागदही येत नाही. बाकीचा खर्च जाहिरातवाले भरतात, आणि महिन्याच्या शेवटी रद्दीवाला आपल्यालाच पैसे देतो. १९७३ साली सुरू झालेलं 'कालनिर्णय' आपल्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात होतं. पुढच्या बाजूला चतुर्थी आणि दूधवाल्याचे खाडे, मागच्या पानावर लेख आणि जाहिराती. आमच्या सरांच्या पिढीने त्याआधी रेडिओ ऐकला. १९५२ साली माहिती आणि नभोवाणी मंत्री बी. व्ही. केसकर यांनी आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी बंद करवली आणि त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर एका टूथपेस्टच्या पैशांवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. सरकार जे ऐकू देईना ते टूथपेस्टने ऐकवलं! रेडिओला तेव्हा पोस्टात जाऊन परवान्याचे पैसे भरावे लागत. ते ऐंशीच्या दशकात संपलं. मधल्या काळात १९६७ साली विविध भारतीवर आणि १९७६ साली दूरदर्शनवर जाहिराती आल्या होत्या. आपल्या पिढीला तर रविवारच्या मालिकेइतक्याच मधल्या जाहिराती पाठ होत्या.

आणि लांब कशाला, आपल्या स्मरणिकेकडेच बघा. गेला महिनाभर आपले चौघे जण बाजारपेठेत फिरले. कृषी सेवा केंद्र, सराफ, मंगल कार्यालय, मेडिकल, दोन डॉक्टर, एक ट्रॅक्टरचं शोरूम. अर्धं पान, पाव पान. त्या पैशांतून छपाई निघाली म्हणून ती तुमच्या हातात फुकट पडणार आहे. माझं हे भाषणसुद्धा कुठल्यातरी खतविक्रेत्याच्या समोरच्या पानावर छापलं जाईल, आणि मला त्याचा आनंद आहे. तो माणूस आपल्या ओळखीचा आहे.

मग मला खटकतं काय?

स्मरणिकेतली जाहिरात तुमच्याकडे बघत नाही. तुम्ही ते पान किती सेकंद उघडं ठेवलंत, उघडताना कुठे होतात, हे त्या सराफाला कळत नाही. पुढच्या वर्षी तुमच्या घरी लग्न आहे, म्हणून तुमच्याच प्रतीत दागिन्यांची जाहिरात आणि शेजाऱ्याच्या प्रतीत पंपाची, असं होत नाही. फोनमध्ये नेमकं हेच होतं.

हे कसं चालतं ते आपल्या भाषेत सांगते. लासूर स्टेशनच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव तुम्ही बघितला असेल. लिलाव करणारा एका वाहनापासून दुसऱ्यापर्यंत जातो, व्यापारी मागे असतात, कांदा हातात घेऊन बघतात, बोली चढते, तुटते, पुढचं वाहन. आता फोनवर तुम्ही एखादं ॲप उघडता, त्यात वरच्या पट्टीत जाहिरातीची मोकळी जागा असते. ती जागा भरायच्या आधी एक लिलाव होतो. बोली लावणाऱ्यांपुढे माहिती ठेवली जाते: फोन कोणत्या मॉडेलचा, भाषा कोणती, गाव साधारण कोणतं, आणि त्या फोनचा जाहिरातीसाठीचा एक लांबलचक क्रमांक. अँड्रॉइडच्या फोनला असा क्रमांक असतो, आणि त्याच्या आधारे आधी काय काय बघितलं गेलं ते जुळवता येतं. बोली लागते, तुटते, जाहिरात दिसते. सगळं सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास. फरक इतकाच की लासूरला शेतकरी कांद्याजवळ उभा असतो आणि भाव पटला नाही तर माल परत नेऊ शकतो. इथे कांदाही आपणच, आणि लिलाव झाला हेसुद्धा आपल्याला कळत नाही.

टीव्हीचं त्याहून मजेशीर आहे. नव्या स्मार्ट टीव्हींपैकी अनेकांत अशी सोय असते, की पडद्यावर जे दिसतंय त्यातले काही ठिपके टीव्ही थोड्या थोड्या वेळाने उचलतो, त्यांचा एक ठसा बनवून सर्व्हरला पाठवतो, आणि तिथे तो ओळखला जातो. ही अमुक मालिका, हा अमुक सामना. केबल असो, डिश असो, पेन ड्राइव्हवरचा सिनेमा असो, ठिपके ते ठिपके. अमेरिकेत व्हिझिओ नावाची स्वस्त टीव्ही बनवणारी कंपनी होती. १ कोटी १० लाख टीव्हींमधून लोक काय बघतात ते तिने धड न विचारता गोळा केलं, असा आरोप तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला, आणि २०१७ साली २२ लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटलं. पुढे २०२१च्या सुमारास त्या कंपनीचा जाहिराती आणि माहितीच्या बाजूचा ढोबळ नफा टीव्ही विकण्याच्या नफ्यापेक्षा मोठा झाला. २०२४ साली वॉलमार्टने ती २३० कोटी डॉलरला विकत घेतली. वॉलमार्ट म्हणजे किराणा-भुसार. किराणावाल्याला टीव्हीची कंपनी कशाला हवी, याचं उत्तर तुम्हाला आता देता येईल.

पण मी आज उभी राहिले ते टीव्हीमुळे नाही. माझ्या काकांमुळे.

काका कायगावच्या बाजूला शेती करतात. कापूस, मका, पाणी असेल त्या वर्षी ऊस. तीन-चार वर्षांपूर्वी चुलतभावाने दिवाळीला त्यांना साडेआठ हजारांचा फोन घेऊन दिला. तो वाळूजला कंपनीत आहे, स्वतःच्या पगारातून घेतला, मनापासून घेतला. काकांना भाव बघायचे असत, हवामान बघायचं असे, नातवाशी व्हिडिओवर बोलायचं असे. फोन ते सगळं करायचा. सोबत प्रत्येक वेळी कुलूप उघडताना एक चित्र यायचं, आणि दिवसभर वरून सूचना पडायच्या. काका म्हणायचे, "येऊ दे गं माय, आपलं काय जातंय."

त्या पावसाळ्यात त्यांचं पीककर्जाचं नवंजुनं बँकेत अडकलं होतं. रोज मेसेजची वाट बघत होते. आणि एका सकाळी वरून सूचना आली, तुमचं पन्नास हजारांचं कर्ज मंजूर. जिथे बँकेचे मेसेज येतात तिथेच, तशाच अक्षरांत, तशाच निळ्या चौकोनात. काकांनी ती दाबली. पुढे जे विचारलं ते भरत गेले. आधार, पॅन, सेल्फी. प्रत्येक पडद्यावर खाली 'ॲग्री', 'अलाऊ', 'ॲग्री'. खात्यात आले बत्तीसशे रुपये. सात दिवसांनी मागणी पाच हजारांची. ते भरले, तरी पुन्हा मागणी. मग फोनमधल्या नंबरांवर त्यांचा फोटो आणि खाली घाणेरडा मजकूर जाऊ लागला. सोयऱ्यांना गेला. सोसायटीच्या सचिवांना गेला.

काकांनी दोन आठवडे कोणाला सांगितलं नाही. ते पारावर जायचे बंद झाले, एवढंच काकूंच्या लक्षात आलं. ज्या माणसाने आयुष्यभर बँकेचा हप्ता मुदतीत भरला, तो फोन वाजला की उठून गोठ्यात जाऊन बसायचा. मला कळलं तेव्हा मी गाडी काढून आले. चुलतभावाने सायबर पोलिसांकडे तक्रार दिली, १९३० या नंबरावर फोन केला, आम्ही सोयऱ्यांच्या घरी जाऊन समजावलं. ते निभावलं. आपल्या भागात कर्जाच्या तगाद्यापुढे एकटा पडलेला माणूस काय करून घेऊ शकतो हे मी तुम्हाला सांगायला नको.

ती सूचना कुठून आली ते मी नंतर बसून शोधलं. फोनबरोबर आधीपासून बसवून आलेलं एक ॲप होतं. काकांनी ते कधी घेतलं नव्हतं, आणि काढूनही टाकता येत नव्हतं. कंपनीचं नाव घेत नाही. ती पद्धत एकीची नाही. आणि काका एकटे नव्हते. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाने २०२१च्या पहिल्या दोन महिन्यांत बघितलं, तेव्हा अँड्रॉइडवर कर्ज देणारी सुमारे ११०० ॲप सापडली आणि त्यांतली ६०० बेकायदेशीर. त्यानंतर नियम कडक झाले. सप्टेंबर २०२२मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की कर्जाच्या ॲपने फोनमधले नंबर आणि फाइली उघडायच्या नाहीत. २०२३मध्ये गूगलने आपल्या प्ले स्टोअरवरच्या अशा ॲपना नंबर आणि फोटो बंद केले. प्ले स्टोअरच्या बाहेरून येणारी ॲप आजही फिरतातच.

आता हिशोब करू. गणिताचे सर समोर आहेत, चूक झाली तर उभं करतील. साडेआठ हजारांच्या ऐवजी बारा हजारांचा, स्वच्छ फोन घेतला असता तर साडेतीन हजार जास्त. फोन तीन वर्षं चालतो असं धरा, म्हणजे १०९५ दिवस. दिवसाला सव्वातीन रुपयांच्या आत. जाहिरातींनी खाल्लेला डेटा मी यात धरत नाही. रोजचा दीड जीबी काकांचा संपतच नव्हता. वीजही धरत नाही. दिवसाला सव्वातीन रुपये वाचले, एवढंच मांडते. आणि ते वाचले चुलतभावाचे. किंमत भरली काकांनी. खरेदी करणारा एक आणि वापरणारा दुसरा, हे आपल्या वयात फार होतं. आपण आईला फोन घेतो, सासऱ्यांना टीव्ही घेतो, मुलाला टॅब घेतो. बचत आपल्या खिशात दिसते, त्यामुळे सौदा फायद्याचा वाटतो.

इथे कोणी म्हणेल, तुम्हा पुण्याच्या आयटीवाल्यांना साडेतीन हजार म्हणजे काहीच नाही. हा टोला मी मान्य करते. २०२०मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा आपली एक मैत्रीण जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवत होती, इथेच बसली आहे. तिच्या वर्गात दोन घरांत मिळून एक फोन होता, तोही मजुरीवर जाणाऱ्या आईने उचल घेऊन आणलेला. त्या फोनवर कुलूप उघडताना दहा जाहिराती येत असतील, पण पाचवीचा पाठही त्यावरच येत होता. त्या आईला मी "स्वच्छ फोन घ्या" म्हणायला जाणार नाही. तिच्यासाठी तो सौदा फायद्याचाच होता, आणि तो फोन स्वस्तात मिळाला यात त्या जाहिरातींचा वाटा होता, हेही खरं आहे.

म्हणून जाहिरातींची वस्तू घेऊच नका असं माझं म्हणणं नाही. माझी तक्रार दुसरी आहे. २०११ साली ॲमेझॉनने पुस्तकं वाचायचं किंडल दोन किमतींत विकायला काढलं. जाहिरातींविना १३९ डॉलर, जाहिरातींसकट ११४. जाहिरात यंत्र झोपलेलं असताना पडद्यावर दिसायची, पुस्तकाच्या पानावर कधीच नाही. आणि नंतर कंटाळा आला तर फरकाचे पैसे भरून ती काढून टाकता यायची. मला हा व्यवहार सरळ वाटतो. २५ डॉलर, घ्या नाहीतर सोडा. २०२३मध्ये टेली नावाच्या कंपनीने तर अमेरिकेत ५५ इंची टीव्ही फुकट वाटायला काढला. खाली जाहिरातींचा वेगळा पडदा, अट अशी की हाच तुमचा मुख्य टीव्ही पाहिजे आणि तो इंटरनेटला जोडलेला पाहिजे. अट मोडली तर टीव्ही परत करा नाहीतर पैसे भरा. मी घेणार नाही, पण त्यांनी लपवलंही नाही. आपल्याकडच्या फोनच्या खोक्यावर मात्र कधी वाचलंत का, की जाहिरातींसकट साडेआठ हजार आणि जाहिरातींविना अमुक? परवडतं का असं तुम्ही मला विचारता. दोनपैकी एकच आकडा हातात असेल तर वजाबाकी कशी करायची?

कायदा हळूहळू येतोय. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या मागावर राहणं आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवणं यावर बंदी आहे. संमतीची सूचना मराठीत मागायचा हक्कही त्यात आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले आणि कंपन्यांच्या मुख्य जबाबदाऱ्यांना अठरा महिन्यांची मुदत दिली. काकांच्या फोनवरची संमती इंग्रजीत होती, मी मोजली तर चाळीस पडदे भरेल एवढी. आठवीत इंग्रजीच्या बाईंनी उतारा दिला तेव्हा आपण दहा ओळींत रडलो होतो.

तोवर मी माणसं बघून सल्ला देते. टीव्ही स्वस्तातला खुशाल घ्या. डिश किंवा केबलच बघायची असेल तर त्याला घरच्या वायफायचा पासवर्ड देऊच नका, म्हणजे तो नुसता टीव्ही राहतो; सतरा हजारांत चांगला सौदा आहे. यूट्यूब हवंच असेल तर सेटिंगमध्ये जाऊन ती ठिपके उचलण्याची सोय बंद करा. सॅमसंगमध्ये तिला 'व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस' म्हणतात, एलजीमध्ये 'लाइव्ह प्लस'. नाव असं ठेवतात की काहीतरी फायद्याचं वाटावं. स्वतःसाठी फोन घेत असाल तर तुमची मर्जी. तुम्हाला सूचना आणि जाहिरात यांतला फरक कळतो. पण साठीच्या पुढच्या माणसासाठी किंवा शाळकरी मुलासाठी घेत असाल, तर ते साडेतीन हजार घालाच. तेवढे नसतील तर जुना चांगला फोन द्या आणि नवा स्वस्त फोन स्वतः वापरा. मी काकांना माझा जुना फोन दिला. काच एका कोपऱ्यात तडकलेली आहे, पण वरून काही पडत नाही. पारावर पुन्हा जातात. फोन मात्र आता घरी ठेवून जातात.

वीस मिनिटं झाली, संयोजक घड्याळ दाखवतायत. उरलेलं काम बोलून होण्यासारखं नाही. चहा झाला की मी आठवी 'ब'च्या वर्गात बसते. आपापला फोन घेऊन या, घरी आई-वडिलांचा असेल तर कोणाला तरी पाठवून मागवा. जाहिरातीचा क्रमांक पुसायचा, नको त्या सूचना बंद करायच्या, बाहेरून ॲप घ्यायची परवानगी काढायची, एका फोनला दहा मिनिटं लागतात. पासवर्ड मला सांगू नका, स्वतः टाका. चार्जर आणा, त्या वर्गात एकच प्लग चालू आहे. मराठीच्या बाईंनी सकाळीच नंबर लावून ठेवलाय, तेव्हा पहिल्या बाई, मग बाकीचे रांगेत.